शब्द सापडेपर्यंत तोच माणूस

ताई जिना उतरून फाटकाबाहेर आली, तेव्हा तिला फक्त एक माणूस हवा होता. कुठलाही. घाईतला, रिकामटेकडा, चष्म्याचा, बिनचष्म्याचा — अट एकच, त्याचा शब्दांशी पोटापाण्याचा संबंध नसावा.

शब्दकोशाच्या कार्यालयातली ही जुनी पद्धत. शब्दाचा अर्थ लिहून झाला की तो बाहेरच्या एखाद्या माणसाला वाचून दाखवायचा. शब्द सांगायचा नाही, नुसता अर्थ. त्याने शब्द ओळखला, तर अर्थ पास. नाही ओळखला, तर वर जाऊन पुन्हा लिहा आणि पुन्हा त्याच माणसाला गाठा. 'शब्द सापडेपर्यंत तोच माणूस,' असं संपादकबाई म्हणत. दर वेळी नवा माणूस धरला, तर कधी ना कधी एखादा हुशार भेटतोच आणि वाईट अर्थही खपून जातो, असा त्यांचा अनुभव. नियमाच्या बाबतीत त्या सख्ख्या बहिणीलाही सूट देणाऱ्यातल्या नव्हत्या.

एरवी वॉचमन असायचा. पण आताशा ताईच्या हातात कागद दिसला की तो फाटकाच्या खोलीत दडी मारायचा. समोरच्या लाँड्रीवाल्या काकू दुकान बंद करून गेल्या होत्या. भुरभुर पाऊस लागलेला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. होती फक्त एक छोटी पांढरी गाडी, छपरावर 'शिकाऊ' अशी पाटी असलेली, आणि ती नेमकी फाटकासमोर बंद पडली होती.

स्टिअरिंगवर एक आजोबा घामाघूम होऊन बसले होते. शेजारी शिकवणारा मास्तर — हाताची घडी, चेहऱ्यावर कसलीच घाई नाही. मागे एक टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून जणू झोपी गेला होता. ताई मास्तरच्या बाजूच्या खिडकीशी वाकली.

"एक मिनिट आहे का तुमच्याकडे?"

त्याने बंद गाडीकडे पाहिलं, आरशातल्या टेम्पोकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "सध्या तरी भरपूर आहेत. बोला बाई."

"मी एक अर्थ वाचते. तुम्ही शब्द ओळखायचा." तिने कागद पावसापासून आडोशाला धरला. "'दुसऱ्याने कसे वागावे, काय करावे आणि काय टाळावे, हे त्याला समजावून सांगणे.' सांगा... कुठला शब्द?"

मास्तरने खरोखर विचार केला. निदान तसं दाखवलं तरी. मग म्हणाला, "कटकट."

"चूक."

"मग बायको!" आजोबा स्टिअरिंगवरून ओरडले.

"आजोबा, तुमचं उत्तर धरता येत नाही. मी यांना विचारलंय."

"मी कटकटीवर ठाम आहे," मास्तर म्हणाला. गालातल्या गालात हसत होता लेकाचा.

ताईचे कान तापले. शब्द होता 'उपदेश', अर्थ तिने स्वतः लिहिला होता, आणि या विषयातला तिच्याइतका अनुभव पंचक्रोशीत कुणाला नव्हता. ती तडक निघणार होती, पण जाताजाता राहवलं नाही. पुन्हा वाकून म्हणाली, "आजोबा, घाबरू नका. क्लच पूर्ण दाबा, गिअर न्यूट्रलला आणा, आणि मगच किल्ली फिरवा."

"तुम्हाला गाडी येते?" मास्तरने विचारलं.

"...नाही."

"छान," तो म्हणाला. आणि गाडी सुरू झाली.

— — —

"कटकट म्हणाला?" संपादकबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मग तू कटकटीचाच अर्थ लिहिला असशील. पुन्हा लिही. आणि त्यालाच गाठ."

"त्यालाच? बाई, तो माणूस—"

"शब्द सापडेपर्यंत," संपादकबाई म्हणाल्या आणि त्यांनी मान खाली घातली. म्हणजे विषय संपला.

ताईबद्दल इथेच सांगून टाकलेलं बरं. घरात ती थोरली. वडील लवकर गेले, तेव्हापासून आईने विचारायचं आणि हिने सांगायचं, अशी वहिवाट पडली. धाकटीने कुठल्या कॉलेजात जावं, शेजारच्या वहिनींनी नवऱ्याशी कधी बोलावं आणि कधी अबोला धरावा, मामांनी गुडघ्याला काय लावावं — सगळ्यांना ताई सल्ला देई. बरोबर देई, मुद्देसूद देई. तिच्याहून वयाने मोठी माणसंही तिला ताईच म्हणत. माना डोलवत ऐकत आणि घरी जाऊन आपल्याला हवं तेच करत. आजवर एकानेही तिचं ऐकलं नव्हतं. याचं तिला फार वाईट वाटे असं नाही. पण कधीकधी, सगळे आपापल्या वाटेने निघून गेले की, आपण एखाद्या चौकात उभ्या आहोत आणि आपल्याला मात्र कुठेच जायचं नाही, असं तिला वाटायचं.

त्या रात्री जेवताना तिने मास्तरचा किस्सा रागारागाने सांगितला. आई हसली. धाकटीने मात्र घास तोंडाजवळच थांबवला.

"बोला बाई म्हणाला? बोला ताई नाही?"

"त्यात काय एवढं?"

"काही नाही," धाकटी म्हणाली आणि घास तोंडात टाकून आईकडे बघत राहिली.

— — —

ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक खोली, एक बाक आणि भिंतभर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता. मास्तर तिथे कधीच सापडत नसे. तिसऱ्या खेपेला तो दाराशीच भेटला, किल्ली बोटाभोवती फिरवत.

ताईने त्याला कार्यालयाची पद्धत समजावून सांगितली. शब्द ओळखेपर्यंत तुमची सुटका नाही आणि माझीही नाही, असंही सांगितलं.

"म्हणजे मी ओळखला, की तुम्ही येणार नाही?"

"अर्थात. कशाला येईन?"

"हं," तो म्हणाला. मग किल्ली थांबवून म्हणाला, "माझ्याकडे बसायला वेळ नसतो, बाई. बसायला गाडी असते. सकाळची पहिली वेळ रिकामी आहे."

सगळ्या गोतावळ्याला 'गाडी शिकून घ्या, बाई माणसाला यायलाच हवी' म्हणून सांगणारी ताई स्वतः मात्र गाडीला टरकून होती. हे तिने कुणाला कधी कळू दिलं नव्हतं. तिने कामाचं कारण पुढे केलं आणि नाव घातलं.

पहिल्या दिवशी तिच्या तळव्यांना घाम सुटला. मास्तर काहीच बोलेना. डावीकडे वळायचं असलं की समोरच्या डॅशबोर्डवर बोट ठेवून ते डावीकडे सरकवी. थांबायचं असलं की तळहात टेके. तोंडाने एकच शब्द — सावकाश. शिकणारी सगळी मंडळी पाठीमागे त्याला 'सावकाश मास्तर' म्हणत, हे तिला नंतर कळलं. त्याच्या पायाशी आणखी एक ब्रेक होता, शिकवणाऱ्याचा. तिची काही चूक झाली की गाडी अलगद थांबे, जणू गाडीलाच सुबुद्धी झाली.

"तुम्ही काही सांगत का नाही?" ती वैतागून म्हणाली. "शिकवताय ना?"

"सांगितलं की माणूस माझ्याकडे बघतं. बघायचं असतं रस्त्याकडे."

सिग्नलला गाडी थांबली. ताईने पर्समधून कागद काढला. "'अनुभवी माणसाने कमी अनुभवी माणसाला दिलेली चांगल्या वागणुकीची शिकवण.'"

"सासू."

"माणूस नाही! गोष्ट आहे, गोष्ट."

"मग सासुरवास."

"तुम्ही नीट विचारच करत नाही."

"करतो की. समोर बघून करतो. तुम्हीही बघा... हिरवा झालाय."

असं चाललं. ताई रात्री बसून अर्थ घासूनपुसून लखलखीत करी आणि सकाळी तो त्याची वाट लावी. 'भाषण' म्हणे, 'धाक' म्हणे, एकदा तर 'बसस्टॉपवरची पाटी' म्हणाला. ती चिडायची. चिडताना गिअर मात्र बरोबर पडायचा. हळूहळू तिच्या लक्षात आलं की सकाळी निघताना आपण आरशात दोनदा बघतो, आणि त्यातल्या एकदाच भांग बघतो. धाकटीच्याही ते लक्षात आलं, पण ती शहाणी होती. काही बोलली नाही.

मग एके सकाळी त्याने बोट गावाबाहेरच्या रस्त्याकडे सरकवलं. पाऊस नुकता थांबला होता. दोन्ही बाजूंची झाडं अजून टपटपत होती आणि काचेवर एखादाच थेंब येऊन पडत होता. पूल गेला, चढ गेला, उतार गेला. बऱ्याच वेळात गाडीत कुणी बोललं नव्हतं, आणि ते खटकतही नव्हतं. ताईने सहज नजर टाकली, तर मास्तर सीटवर चक्क मांडी घालून बसला होता.

"तुमचे पाय कुठे आहेत?"

"माझ्याजवळ."

"ब्रेकवर नाहीत?"

"पुलापासून नाहीत."

पुलापासून! म्हणजे तो चढ, तो वळणाचा उतार, तो समोरून अंगावर आलेला ट्रक — सगळं तिने एकटीने केलं होतं. आजवर सगळ्यांनी तिच्यावर भरवसा ठेवला होता तो बोलून दाखवण्यापुरता — 'ताई, तू म्हणशील तसं!' या माणसाने अवाक्षर न काढता पाय वर घेतले होते. कुणी डोळ्यांवर भाळतं, कुणी आवाजावर. ताई भाळली ती ब्रेकवरून उचललेल्या दोन पायांवर. आणि ते लक्षात आल्याबरोबर तिने असा काही क्लच सोडला की गाडी दोन उड्या मारून गपकन बंद पडली.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"सावकाश," तो म्हणाला. पण त्याने पाय खाली घेतले नाहीत.

— — —

लायसन्सच्या परीक्षेची तारीख जवळ आली, तेव्हा शिकण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. एका सकाळी पाऊस धो धो होता. मास्तरने तळहात टेकून गाडी कडेला घ्यायला लावली. वायपर चालू राहिले.

"मालक बंदरावर नवी शाखा काढताहेत," तो समोर बघत म्हणाला. "अर्ध्या दिवसाचा रस्ता आहे इथून. मला म्हणतात, तू सांभाळ. निदान वर्षभर. उद्या सांगायचंय त्यांना." मग जरा थांबून, तिच्याकडे न बघता, "तुम्हाला काय वाटतं?"

ताईला काय वाटलं, ते एका शब्दात मावणारं होतं — नको. नको जाऊ. तो शब्द तिच्या घशापर्यंत आला. आणि तिथे त्याला वर्षानुवर्षांची सवय आडवी आली.

"अहो, हे विचारायचं काय त्यात?" ती म्हणाली. आवाज कसा छान, स्वच्छ. "जायलाच हवं. एक तर अशी संधी दोनदा येत नाही. शिवाय इथे राहून तुम्ही आयुष्यभर दुसऱ्याच्याच हाताखाली राहणार. आणि माणसाने एकदा तरी आपलं गाव सोडून बघावं. सुरुवातीला जड जाईल, पण सवय होते. भावनेच्या भरात निर्णय घेऊ नका."

किती बरोबर बोलत होती! एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि एकही तिचं नव्हतं. आपण बोलतोय ते तिलाच ऐकू येत होतं, आणि थांबता मात्र येत नव्हतं.

त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. वायपर एकदा इकडून तिकडे गेला, परत आला.

"उपदेश," तो म्हणाला.

"काय?"

"तुमचा शब्द. उपदेश. बरोबर ना?"

तिने मान हलवली.

"सापडला एकदाचा," तो म्हणाला. "सुटलात बाई तुम्ही."

त्याने बोट घराकडच्या रस्त्याकडे सरकवलं. तिने गाडी काढली. परतीच्या वाटेवर तिने एकदाच खाली पाहिलं. त्याचे दोन्ही पाय ब्रेकवर होते.

— — —

"आणि मग?" धाकटीने केस विंचरता विंचरता विचारलं.

"मग काय? मला जे योग्य वाटलं ते सांगितलं."

"तुला काय वाटतं, ते सांगितलंस?"

"ते त्याने विचारलं नव्हतं."

धाकटीने फणी खाली ठेवली. "ताई, त्याने तेवढंच विचारलं होतं गं."

ताईने उशीत तोंड खुपसलं. धाकटी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. चांगल्या सल्ल्यांच्या या घरात त्या रात्री कुणी कुणाला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने कागद संपादकबाईंच्या टेबलावर ठेवला. "ओळखला त्याने."

"वा! कुठल्या अर्थावर?"

"अर्थ... वाचला नव्हता."

"मग ओळखला कशावरून?"

"मी करत होते," ताई म्हणाली. आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

संपादकबाईंनी चष्मा काढला. तो त्या सहसा काढत नसत. खुर्ची पुढे ओढून ताईला बसवलं आणि पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. काय झालं, ते विचारलं नाही.

"व्युत्पत्ती लिहिलीस?" त्या म्हणाल्या.

"नाही अजून. माहीत आहे मला. 'उप' म्हणजे जवळ. 'दिश्' म्हणजे दाखवणे — दिशा त्यातलीच, आदेश त्यातलाच, संदेशही."

"जवळ आणि दाखवणे. बरं. आता तुझे सगळे अर्थ वाच. मनात वाच."

ताईने वाचले. समजावून सांगणे. शिकवण देणे. बजावणे. कागदामागून कागद खाली ठेवले.

"'जवळ' कुठे आहे यात?" संपादकबाईंनी विचारलं.

कुठेच नव्हतं.

"तुझी एकटीची चूक नाही ती," त्या म्हणाल्या. "आपण सगळ्यांनीच त्या शब्दाला उंच ओट्यावर नेऊन बसवलंय. मूळ मात्र साधं आहे. शेजारी उभं राहायचं आणि बोटाने दाखवायचं... ते बघ, तिकडे. दाखवणाऱ्यालाही तोच रस्ता दिसत असतो. त्याचेही पाय त्याच चिखलात असतात." त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि आवाज पूर्ववत केला. "तेव्हा अर्थ नापास. नवा लिही. आणि नियम तुला माहीत आहे."

"बाई, तो जाणार आहे हो."

"मग लवकर लिही!"

— — —

परीक्षेच्या सकाळी आभाळ उघडलं होतं. मास्तरने गाडी आणून दिली, किल्ली दिली आणि मैदानाच्या कडेला पत्र्याच्या शेडखाली जाऊन उभा राहिला. नेहमीसारखाच हाताची घडी घालून. दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलले होते.

परीक्षक जाडजूड आणि झोपाळू होता. तो 'डावीकडे' म्हणाला, ताईने गाडी डावीकडे घेतली. 'मागे' म्हणाला, मागे घेतली. चढावर थांबून पुन्हा वर चढवली, गाडी इंचभरही मागे घसरली नाही. परीक्षकाने सही ठोकली आणि जांभई देत उतरून गेला.

ताईने गाडी शेडपाशी आणली आणि आतूनच पलीकडचं दार उघडलं. मास्तर बसला.

"पास?"

"पास."

"वाटलंच होतं."

"तुम्ही मालकांना काय सांगितलंत?"

"हो म्हटलं. रविवारी जायचंय."

ताईने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. "अख्ख्या जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझं ऐकलं," ती म्हणाली, "आणि ते नेमकं हे!"

मास्तरला हसू यायला नको होतं, पण आलं. मग ते त्याने आवरलं, कारण ती हसत नव्हती.

ती सरळ झाली. पर्समधून कागद काढला. "मागचा अर्थ नापास झाला. नवा आहे. वाचू?"

"वाचा."

"'जवळ राहून वाट दाखवणे.'"

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेता घेता पिंपाला धडकवली. आरडाओरडा झाला. आत दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

"हा तर माझा धंदा आहे," तो हळूच म्हणाला.

"चूक."

"मग?"

"मग आता शब्द ओळखू नका. जरा ऐका फक्त. मी त्या दिवशी तुम्हाला जे सांगितलं ना... ते सगळं बरोबर होतं. पण मी शेजारी बसून बोलले नाही. मी कुठूनतरी खूप लांबून बोलले. कारण जवळून बोलले असते, तर एवढंच म्हणाले असते — की मला नकोय." श्वास पुरेना. तिने पुन्हा घेतला. "तू जायला नकोयस मला. यात मुद्दा वगैरे काही नाही. दुसरं-तिसरं कारण नाही. सकाळी तू शेजारी नसलास, तर मला... मला कुठे वळायचं ते कळणार नाही असंही नाही, कळेल. पण वळावंसं वाटणार नाही."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण 'तू' म्हणून गेलो. जीभ चावायलाही आता उशीर झाला होता.

मास्तर — समोर बघायचं सोडून — तिच्याकडे वळला.

"मला पहिल्याच दिवशी कळला होता," तो म्हणाला.

"काय?"

"शब्द. आजोबा बायको म्हणाले, तेव्हाच."

"मग कटकटीवर ठाम कशाला राहिलास!"

"गंमत म्हणून. पण तुझे कान असे काही लाल झाले... पुन्हा बघावेसे वाटले. मग तू तो नियम सांगितलास. ओळखला की येणार नाही म्हणालीस." त्याने खांदे उडवले. "मी काय वेडा आहे, ओळखायला?"

ताईला रडावं की हसावं कळेना. तिने दोन्ही एकदम केलं. "आणि मग त्या दिवशी का ओळखलास?"

"त्या दिवशी वाटलं, तुलाच यायचं नाहीये आता. तू इतकं छान बोललीस, की शेजारी कुणी बसलंच नाही असं वाटलं मला. म्हटलं, उगाच अडकवून कशाला ठेवा."

"आता?"

"आता मालकांना शब्द दिलाय. वर्षभर जावं लागेल." त्याचा आवाज खाली गेला. "ते मोडता येणार नाही मला."

"मोडू नकोस," ती म्हणाली. आणि हा सल्ला नव्हता, हे दोघांनाही कळलं. तिने डोळे पुसले, आरसा नीट केला, किल्ली फिरवली. "अर्ध्या दिवसाचाच तर रस्ता आहे. आणि मला गाडी येते."

— — —

रविवारी ड्रायव्हिंग स्कूलची तीच छोटी गाडी बंदरावर न्यायची होती, नव्या शाखेसाठी. चालवायला ताई बसली. परतीला बस होतीच. घराच्या फाटकाशी आई आणि धाकटी उभ्या होत्या. आईने डबा दिला आणि 'सांभाळून रे बाबा' म्हणाली, पण नक्की कुणाला म्हणाली ते कळलं नाही. धाकटीने मात्र खिडकीतून आत वाकून मास्तरला बजावलं, "हिला ताई म्हणालात, तर बघा!"

गाव मागे पडलं. पूल गेला, चढ गेला. उतार लागल्यावर ती म्हणाली, "संपादकबाई विचारत होत्या, नवा अर्थ पास झाला का म्हणून."

"मग?"

"मी म्हटलं, अजून ओळखत नाहीये. त्या म्हणाल्या, असू दे, कोश अजून 'उ'वरच आहे, घाई नाही. म्हणाल्या, दर महिन्याला जाऊन विचारत जा." ती रस्त्याकडे बघत होती, पण कान पुन्हा लाल झाले होते. "तर विचारते. 'जवळ राहून वाट दाखवणे.' ओळख."

"कटकट," तो म्हणाला. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर सुख.

त्याने बूट काढून ठेवले होते. पाय वर घेतले होते. दुसऱ्याच्या हातात गाडी असताना मला आजवर कधी झोप लागली नाही, शिकवणाऱ्याला लागतच नाही, असं त्यानेच तिला मागे कधीतरी सांगितलं होतं. तिने त्याला काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आणि पाहिलं तर त्याची मान खिडकीकडे कलली होती. श्वास संथ झाला होता.

ताईच्या मनात सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मान अवघडेल. काच वर घे. बंदरावर वारा असतो, मफलर आणलास का? पण ती काहीच बोलली नाही. पुढे रस्त्याला फाटा होता आणि पाटी अजून लांब होती. तिने एक हात काढून त्याच्या खांद्यावरून घसरलेला सीटबेल्ट अलगद सरळ केला, हात पुन्हा स्टिअरिंगवर ठेवला, आणि वेग जरा कमी केला. त्याची झोप मोडू नये, एवढ्यासाठीच.